मशीन विकू नका, खुडूक कोंबडीही उठवू नका: घरी पिल्लं काढण्याबद्दल सविस्तर

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बार्शीकडच्या. फेब्रुवारीच्या शेवटी अंडी उबवायच्या पंखावाल्या छोट्या मशीनमध्ये 48 गावरान अंडी लावली. काही घरची, काही शेजारून आणलेली, सगळी मिळून वीस-बावीस दिवसांत जमवलेली. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे एक ट्रे पाण्याने भरला. निघाली 11 पिल्लं. उरलेली अंडी तुम्ही फोडून पाहिली, हे फार चांगलं केलंत. 14 अंड्यांत काहीच नव्हतं, 4 मध्ये अगदी लहान गर्भ होता आणि 19 मध्ये पिल्लू पूर्ण तयार होऊन आतच मेलेलं, अंगाला पडदा चिकटून बसलेला. त्याच सुमारास गोठ्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या खुडूक (अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसलेल्या) कोंबडीने 11 पैकी 9 पिल्लं काढली. आता तुम्ही विचारताय की मशीन विकून टाकू का.

विकू नका. तुमच्या 48 अंड्यांचा हिशोब नीट वाचला तर त्यात मशीनचा दोष थोडाच दिसतो. 14 अंडी मशीनमध्ये जाण्याआधीच गेलेली होती आणि 19 शेवटच्या टप्प्यात कोरडी पडली. दोन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. शिवाय घरात खुडूक कोंबडी असेल तर मशीनचं सगळ्यात अवघड काम, म्हणजे शेवटचे तीन दिवस आणि नंतरचा महिना, तिच्यावर सोपवता येतं.

आधी त्या 14 अंड्यांबद्दल बोलू. अंडं फोडल्यावर बलक पिवळाच, रक्ताचा मागमूस नाही, असं असेल तर ते बहुतेक फळलेलंच नव्हतं. रक्ताचं बारीक कडं दिसत असेल तर गर्भ धरला आणि पहिल्या दोन-चार दिवसांत मेला. पहिल्या प्रकारात कोंबड्याकडे बघायचं, दुसऱ्या प्रकारात अंडी किती दिवसांची होती, कुठे ठेवली होती आणि सुरुवातीला मशीन जास्त तापली होती का, हे बघायचं. शेजारच्या घरी कोंबडा आहे ना, हे विचारलंत का? अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, त्यामुळे कोंबडा नसलेल्या घरातही रोज अंडी मिळतात, पण त्यातून पिल्लू निघत नाही. दुकानातली पांढरी अंडी याच कारणाने उबवून उपयोग नसतो, लेअर फार्मवर, म्हणजे खायच्या अंड्यांसाठीच्या पोल्ट्रीत, कोंबडे ठेवतच नाहीत. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक चांगला, तरणा कोंबडा पुरतो. नवीन कोंबडा आणला तर पहिला आठवडा सोडून मग अंडी जमवायला घ्या.

आणि तो कोंबडा दरवर्षी बदला. घरचाच कोंबडा, त्याच्याच बहिणी, पुढे त्याच्याच लेकी, असं तीन-चार पिढ्या चाललं की अंडी फळण्याचं प्रमाण उतरतं आणि आतली पिल्लं अशक्त निघतात. लांबच्या गावातल्या कुणाशी कोंबड्याची अदलाबदल केली तर पैसेही जात नाहीत.

वीस दिवसांचं अंडं उबवायला लावू नये. साधारण सात दिवसांपर्यंतची अंडी चांगली. त्यानंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण रोज थोडं थोडं कमी होत जातं आणि दोन आठवड्यांनंतर वेगाने पडतं. साठवायला 15 ते 18 अंश तापमान उत्तम, पण ते आपल्या घरात हिवाळ्याच्या रात्री सोडल्या तर कुठे मिळणार? म्हणून घरातली सगळ्यात गार जागा शोधायची. खाली ओली वाळू, त्यावर मातीचं मडकं, मडक्यात पेंढा आणि त्यात अंडी, वरून सुती फडकं. एवढ्यानेही बाहेरच्या उन्हापेक्षा बराच गारवा राहतो. अंड्याला मात्र ओल लागू देऊ नका. तांदळाच्या डब्यात अंडी ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, तीही चालते, फक्त डबा चुलीजवळच्या फळीवर नसावा. अंड्याचं निमुळतं टोक खाली, बोथट टोक वर.

खोलीचं तापमान 27-28 च्या वर गेलं की कोंबडी न बसताही आतला गर्भ हळूहळू वाढायला लागतो. रात्री गारवा आला की थांबतो, दुपारी परत चालू होतो. असं चार दिवस झालं की गर्भ कमजोर होतो आणि मशीनमध्ये गेल्यावर दोन-तीन दिवसांतच मरतो. एप्रिल-मे मध्ये रक्ताच्या कड्याची अंडी जास्त निघतात ती यामुळे. वळवाचे ढग गडगडले की अंडी बिघडतात म्हणून पाटीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. अंडी त्या दिवसांत बिघडतात हे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यांना मारलेलं असतं आधीच्या पंधरवड्यातल्या उन्हाने.

अंडी धुऊ नका. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो गेला की जंतू छिद्रांतून आत जातात. विष्ठेने बरबटलेलं अंडं खायला ठेवा, उबवायला नको. थोडी माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. फार मोठं, फार लहान, गोल, खडबडीत, तडा गेलेलं बाजूला काढा. अंडी एस.टी.ने किंवा गाडीवर आणली असतील तर अर्धा-एक दिवस निमुळतं टोक खाली करून स्थिर ठेवा आणि मग लावा.

आता मशीन. अंडी ठेवण्याआधी ती रिकामी पूर्ण एक दिवस चालवा. पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 ते 37.7 अंश सेल्सियस हवेत. पंखा नसलेल्या पेटीत खाली-वर फरक पडतो, तिथे अंड्याच्या वरच्या पातळीवर 38.3 ते 38.8 धरतात. डिस्प्लेवर 37.7 दिसतंय म्हणून आत तेवढंच आहे असं समजू नका. स्वस्त मशीनचा सेन्सर अर्धा-एक अंश सहज चुकतो, आणि 21 दिवस अर्धा अंश चूक राहिली तर ती पिल्लांत दिसते. घरात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर असतोच. तो माणसाच्या तापासाठी बनवलेला असल्यामुळे नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. अंड्यांच्या उंचीवर ठेवा आणि चारही कोपऱ्यांत वेगवेगळं मोजा. पंख्याजवळचा कोपरा आणि दाराजवळचा कोपरा यांत फरक निघाला तर अंडी फिरवताना त्यांची जागाही बदलत राहा.

तापमान थोडं कमी राहिलं तर पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी निघतात, सुस्त असतात, पोट मोठं असतं. जास्त राहिलं तर एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघतात, बारकी असतात आणि बेंबी नीट मिटलेली नसते. पुढच्या वेळी पिल्लं कोणत्या दिवशी निघाली हे लिहून ठेवा, त्यावरून मशीनचा काटा कुठे चुकतोय ते कळतं. दिवस मोजताना अंडी लावली तो दिवस शून्य धरा. एक तारखेच्या संध्याकाळी लावली तर 21 दिवस बावीस तारखेच्या संध्याकाळी पूर्ण होतात. लावलेला दिवसच पहिला धरून एकविसाव्या दिवशी घाबरणारे आणि अंडी फोडून बघणारे बरेच आहेत.

गारव्यापेक्षा उष्णतेला जास्त भ्या. कोंबडी स्वतः रोज पंधरा-वीस मिनिटं उठून जाते, तेवढ्यात अंडी गार होतात आणि काही बिघडत नाही. आतलं तापमान 40 च्या वर थोडा वेळ गेलं तरी गर्भ मरायला लागतात. म्हणून मशीनवर ऊन येता कामा नये, पत्र्याच्या खोलीत ती ठेवू नये. एक गोष्ट लोक विसरतात: छोट्या मशीनला तापवता येतं, गार करता येत नाही. खोली 40 अंश असेल आणि शेवटच्या आठवड्यात पिल्लं स्वतः उष्णता सोडत असतील तर आतलं तापमान कोण खाली आणणार? बार्शी-लातूर-परभणीच्या भागात एप्रिल-मे मध्ये मशीन लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम.

लाइट गेली की मशीन उघडायची नाही. वरून गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. खोली फार गार नसेल तर दोन-तीन तासांनी फारसं नुकसान होत नाही. त्याहून जास्त लांबलं तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मशीनच्या बाहेरून लावा. पिल्लं काही तास उशिरा निघतील एवढंच. शेवटच्या तीन दिवसांत मात्र हवेची काळजी जास्त घ्या, कारण तेव्हा आतली पिल्लं श्वास घेत असतात आणि भोकं बुजली तर गुदमरतात.

आता ज्यावर तुमची 19 पिल्लं गेली ती गोष्ट, पाणी. यावर जरा वेळ घालवते, कारण माहितीपत्रकातला "एक ट्रे भरा" हा सल्ला अख्ख्या देशासाठी एकच असतो आणि बार्शीची हवा व चिपळूणची हवा एक नाही.

हवा तापवली की ती कोरडी होते. खोलीत 27 अंशाला 90 टक्के आर्द्रता असेल, म्हणजे कोकणातला जुलै, तर तीच हवा मशीनमध्ये 37.5 ला तापल्यावर तिची आर्द्रता साधारण 50 टक्के भरते. म्हणजे कोकणात पावसाळ्यात पहिले अठरा दिवस ट्रे जवळजवळ कोरडा ठेवला तरी चालतं, आणि भरला तर अंडी जास्त ओली राहतात. आता तुमच्याकडचा मार्च धरा. दुपारी खोलीत 30 अंश आणि 30 टक्के आर्द्रता असेल तर मशीनमध्ये गेल्यावर ती 20 टक्क्यांच्या आसपास येते. डिसेंबरच्या कोरड्या रात्री 15 अंश आणि 50 टक्के असेल तर आत जेमतेम 13 टक्के. आपल्याला पहिले अठरा दिवस 50 ते 55 टक्के हवेत आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70. एवढी तूट एका उथळ ट्रेने भरून निघत नाही. पाण्याची खोली वाढवून उपयोग नाही, पृष्ठभाग वाढवायला हवा. दुसरा ट्रे ठेवा किंवा ट्रेमध्ये स्पंजचा तुकडा उभा ठेवा, तो पाणी वर खेचतो आणि जास्त बाष्प सोडतो.

आर्द्रतेचा मीटर खरा आहे का ते घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. साध्या खोलीच्या तापमानाला आत 75 टक्के आर्द्रता होते. मीटर 68 दाखवत असेल तर तो सात कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचायचं.

पण मीटरपेक्षा अंडं खरं सांगतं. उबताना अंड्यातलं पाणी छिद्रांतून बाहेर जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू बाहेर यायच्या आधी पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पाणी कमी गेलं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू फुगलेलं, ओलं, आतल्या आत बुडाल्यासारखं मरतं. जास्त गेलं तर पडदा सुकून चामड्यासारखा होतो आणि पिल्लाला हलताही येत नाही. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन 11 ते 12 टक्के कमी व्हायला हवं. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, दहा अंड्यांवर पेन्सिलने खूण करा आणि तीच दहा अंडी दर वेळी एकत्र वजन करा. गावरान अंडी साधारण 45 ग्रॅमची धरली तर दहाचं वजन 450. सातव्या दिवशी ते 430 च्या आसपास, चौदाव्या दिवशी 410 आणि अठराव्या दिवशी 400 किंवा थोडं खाली असावं. सातव्या दिवशीच 420 भरलं तर हवा फार कोरडी आहे, पाणी वाढवा. 440 भरलं तर पाणी काढा. मधल्या दिवसांत चूक सुधारायला वेळ असतो, अठराव्यानंतर नसतो.

तुम्ही सांगितलंय की विसाव्या दिवशी पिल्लांनी टोच मारलेली दिसली तेव्हा दोनदा झाकण उघडून गरम पाणी घातलं. हेतू चांगला होता, पण झाकण उघडलं की आतली दमट हवा क्षणात जाते. ज्या अंड्याला नुकतंच भोक पडलंय त्याचा पडदा तिथेच सुकून पिल्लाला चिकटतो. अठरा दिवस आधीच कोरडी असलेली अंडी आणि त्यावर हे दोनदा उघडणं, त्यामुळे तयार पिल्लं अडकली. शेवटच्या तीन दिवसांचं पाणी अठराव्या दिवशी एकदाच भरून ठेवायचं आणि झाकण लावून टाकायचं. आतमध्ये पाणी घालायला बाहेरून नळी सोडलेली असेल तर उत्तम, सलाइनची नळीसुद्धा चालते.

टोच मारल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास सहज लागतात. पिल्लू आधी थोडं कवच फोडतं, मग कितीतरी तास काहीच करत नाही. बघणाऱ्याला वाटतं ते थकलं, अडकलं. खरं तर तेव्हा त्या पडद्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत ओढलं जात असतं आणि उरलेला बलक पोटात जात असतो. त्या वेळी तुम्ही कवच सोललं तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. नंतर ते एकदम फिरायला लागतं, कवच गोल कापत जातं, मान ताणून टोपी उडवतं आणि बाहेर पडतं. ओलं, लुळं, कुरूप दिसतं, तासाभरात डोकं सावरतं आणि काही तासांत फुलतं. तो बलक पोटात असल्यामुळे दोन दिवस त्याला दाणा-पाणी लागत नाही. म्हणून पहिलं पिल्लू निघालं की लगेच काढायची घाई नको. बहुतेक निघून सुकली की एकदाच उघडा.

अंडी फिरवण्याबद्दल थोडक्यात. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम संख्येत, म्हणजे रात्रभर रोज एकच बाजू वर राहत नाही. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला की चुकत नाही. पहिल्या आठवड्यात न फिरवल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, गर्भ वर तरंगून पडद्याला चिकटतो. अठराव्या दिवशी फिरवणं बंद. तुमच्या मशीनला आपोआप फिरवणारी मोटर असेल तर ती खरंच फिरतेय ना, हे पेन्सिलच्या खुणेवरून अधूनमधून बघा.

सातव्या दिवशी अंधारात अंडी तपासा. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून खालून मोबाईलचा टॉर्च लावला तरी काम होतं. बोथट टोक भोकावर ठेवा. चांगल्या अंड्यात लालसर शिरांचं जाळं दिसतं, मध्ये काळा ठिपका, तो डोळा. दोन सेकंद हात स्थिर ठेवला तर तो ठिपका हलताना दिसतो. काहीच नाही, नुसता पिवळट उजेड, असं असेल तर काढून टाका. रक्ताचं कडं असेल तर तेही काढा. मेलेलं अंडं आत कुजून फुटलं तर अख्खी मशीन घाण होते आणि चांगल्या पिल्लांच्या बेंबीतून जंतू आत जातात. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा बघा. गर्द तपकिरी कवचात नीट दिसत नाही, तिथे शंका आली तर अंडं राहू द्या, वास येणारं मात्र लगेच बाहेर.

आता तुमची कोंबडी. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी दिली की खुडूक होते: पेटाऱ्यातून उठत नाही, पिसं फुलवते, हात नेला की गुरगुरते, पोटावरची पिसं झडतात. लेअर फार्मच्या कोंबड्यांतून ही सवय निवड करून करून काढून टाकलेली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित जातीही फारशा बसत नाहीत. त्यामुळे या जातींची अंडी उबवायची असतील तर गावरान कोंबडीच्या पोटाखाली किंवा मशीनमध्ये. घरात एखादी शांत, चांगली बसणारी गावरान कोंबडी असेल तर तिला विकू नका, कापू नका.

बसवण्याआधी दोन दिवस खोट्या अंड्यावर किंवा एखाद्या जुन्या अंड्यावर बसू द्या. रात्री उठली नाही, टिकली, तर ती पक्की. मग अंधार पडल्यावर खरी अंडी हळूच पोटाखाली सरकवा. मध्यम अंगाच्या कोंबडीला दहा ते बारा अंडी पुरे. पंधरा ठेवली तर कडेची गार पडतात, ती फिरवताना आत घेते आणि दुसरी बाहेर जातात, असं करत सगळीच थोडी थोडी बिघडतात. रुंद पाटी घ्या, खाली दोन बोटं माती किंवा वाळू, त्यावर पेंढा, मधोमध किंचित खळगा. पेंढ्यात कडुलिंबाचा पाला आणि बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली चाळलेली राख. उवा-पिसवांनी हैराण झालेली कोंबडी दहाव्या-बाराव्या दिवशी अंडी सोडून उठते, आणि लोक म्हणतात कोंबडीचा स्वभाव वाईट.

जागा अंधारी, वर्दळीपासून दूर, मांजर-मुंगूस आणि साप येणार नाहीत अशी. इतर कोंबड्या त्याच पाटीत येऊन अंडी घालतात, म्हणून तुमच्या अंड्यांवर पेन्सिलची खूण हवीच, बाकीची रोज काढायची. ज्वारी किंवा मका आणि पाणी पाटीपासून दोन पावलांवर ठेवा, म्हणजे ती उठेल, खाईल, मोठी घाणेरडी विष्ठा टाकेल आणि परत बसेल. रोज उठत नसेल तर स्वतः उचलून बाहेर ठेवा, नाहीतर पाटीतच घाण करते.

दोन्ही एकत्र कसं वापरायचं ते आता सांगते. खुडूक कोंबडी पक्की बसली की त्याच संध्याकाळी तिच्याखाली दहा अंडी आणि मशीनमध्ये तीस अंडी लावा. सातव्या दिवशी दोन्हीकडची तपासा. कोंबडीखालची तीन वांझ निघाली तर मशीनमधली तीन चांगली तिच्याखाली घाला, तिची पाटी भरलेली राहते. अठराव्या दिवशी रात्री मशीनमधली जेवढी तिला झाकता येतील तेवढी अंडी तिच्याकडे द्या. पाटीत जागा नसेल तर राहिलेली मशीनमध्येच निघू द्या आणि ती पिल्लं सुकल्यावर, एक-दोन दिवसांची असताना, रात्री अंधारात एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवा. तिची स्वतःची पिल्लं त्याच रात्री निघालेली असली की ती सहज घेते. सकाळी लवकर उठून बघा. एखादी कोंबडी पिल्लांना चोच मारत असेल तर तिच्याकडची पिल्लं काढून घ्या, तिला दुसऱ्यांदा संधी देऊ नका. दिवसा उजेडात परकं पिल्लू पुढे ठेवणं टाळा. ऊबदार दिवसांत एक कोंबडी पंधरा-वीस पिल्लं सांभाळते, थंडीत बारा-तेराच्या वर देऊ नका.

कोंबडीला न देता ठेवलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश लागतात, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, भिंतीला लागून चोच उघडी असेल तर उकडतंय, सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर आहे. पहिले दोन दिवस तुसावर कागद अंथरा, नाहीतर पिल्लं तूस खातात. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात, खरबरीत पुठ्ठा किंवा गोणपाट बरं. पाण्याच्या ताटलीत गोटे ठेवा, पिल्लू आत बसून भिजलं की संध्याकाळपर्यंत मरतं. पहिल्या दिवशी भरडलेला मका, मग चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य). नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं जगतात पण वाढत नाहीत.

कोंबडीबरोबरची पिल्लं पहिला आठवडा डालग्याखाली ठेवा, फक्त सकाळ-संध्याकाळ तिच्याबरोबर सोडा. घार आणि कावळा याच आठवड्यात सगळ्यात जास्त पिल्लं नेतात. पाऊस असेल तर अजिबात सोडू नका.

आणि लस. गावरान पिल्लांना काही होत नाही हा समज सोडा, मानमोडी (राणीखेत रोग) आली की गावातली सगळी खुराडी रिकामी होतात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस. तुमच्या भागात कोणती लस कधी, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पक्कं करा. लस बर्फात आणा, फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. कुपी किमान शंभर डोसची येते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. तुमच्याकडे चाळीसच पिल्लं असतील, म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांना तारीख आधीच सांगून ठेवा, सगळ्यांची पिल्लं एकाच सकाळी गोळा करा आणि खर्च वाटून घ्या.